पन्हाळा : डोंगरमाथ्यावरची राजधानी

कोल्हापूरकर पन्हाळ्याला जातो तो बहुधा पावसाळ्यात. वाघबीळचा चढ संपता संपता धुकं गाडीच्या काचेवर येतं. वर पोचल्यावर तबक उद्यानाच्या आसपास झुणका-भाकर, खरडा आणि दही होतं, तीन दरवाजापाशी फोटो निघतात आणि दिवेलागणीला मंडळी घरी परततात. इतिहासाचा विषय निघालाच तर तो एका रात्रीचा निघतो: १६६० सालची आषाढी पौर्णिमा, सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद आणि बाजीप्रभू. त्या रात्रीचं मोल कमी करायचा हेतू मुळीच नाही. पण तिच्यापुढे पन्हाळ्याची बाकीची आठ शतकं आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत, आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं.

पन्हाळा हे नांदतं गाव आहे. रायगड, राजगड ओस पडले, तिथे आता चौथरे उरले. पन्हाळ्यावर मात्र आजही तालुक्याची कचेरी आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहेत, कवी मोरोपंतांच्या नावाचं ग्रंथालय आहे. शिलाहार राजाचा दरबार इथे भरला, आदिलशाहीचे कारागीर इथे खपले, ताराराणींनी आपल्या गादीचा कारभार इथून चालवला. १७८२ पर्यंत करवीर राज्याची राजधानी हीच होती. हा डोंगर राजधानी कसा झाला, आणि १८४४ च्या डिसेंबरात त्याचं गडपण कसं संपलं, ही सगळी हकीकत सलग सांगण्यासारखी आहे.

आधी जागा समजून घेऊ. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे अनेक सोंडा निघतात. विशाळगडाच्या बाजूने निघालेली अशीच एक सोंड मसाई पठाराच्या रूपाने सरळ पुढे येते आणि पन्हाळ्यापाशी संपते. तिच्या उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला कासारी आणि पंचगंगेचं. समोर जोतिबाचा डोंगर. समुद्रसपाटीपासूनची उंची तीन हजार फुटांच्या आसपास, माथ्याचा घेर सुमारे सात किलोमीटर. बऱ्याच बाजूंनी कातळ असा तुटलेला की तट बांधायचं निम्मं काम निसर्गानेच केलं आहे. राजापूरसारख्या बंदरातून घाट चढून वर येणारा माल कोल्हापूर, मिरज आणि पुढे विजापूरकडे जायचा. पन्हाळा ज्याच्या हाती, त्याची नजर या वाटांवर. कोकणातलं बंदर आणि देशावरची राजधानी एकाच दोरीने बांधायची असेल तर तिची गाठ इथे पडते, हे ज्याने त्याने ओळखलं. म्हणूनच या गडाने जितके धनी पाहिले तितके फार थोड्या गडांनी पाहिले असतील.

लोकपरंपरा डोंगराचं नातं पराशर ऋषींशी आणि नागांशी जोडते. लेखी पुरावा मात्र शिलाहारांपासून सापडतो. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला दुसरा भोज हा शेवटचा बलाढ्य राजा. ११९१-९२ च्या सुमाराला त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत असे, हे ताम्रपटावरून कळतं. त्याने आणखी बरेच गड बांधले असं मानतात. पण देवगिरीचे यादव तेव्हा वाढत होते आणि दख्खनेत दोन स्वतंत्र सत्तांना जागा उरली नव्हती. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सिंघण यादवाने भोजाचा पाडाव केला. यादवांच्या लेखात या विजयाचं वर्णन करताना सिंघणाला गरुड म्हटलं आहे आणि पन्हाळ्यात राहणाऱ्या भोजाला सर्प. हरलेल्या राजाची ओळख त्याच्या गडाने करून द्यावी लागली, इतका पन्हाळा तेव्हाच नावारूपाला आला होता.

यादवांनंतर बहमनी आले. त्यांचा वजीर महमूद गावान याने १४६९ नंतर विशाळगडाच्या, म्हणजे तेव्हाच्या खेळण्याच्या मोहिमेत याच मुलखात पावसाळा काढला होता. बहमनी राज्य फुटलं आणि पन्हाळा विजापूरच्या आदिलशहाकडे गेला. आज आपण गडावर जे बघतो त्यातलं बरंचसं बांधकाम या आदिलशाही दीडशे-पावणेदोनशे वर्षांतलं आहे. हे सरळ सांगायला हवं, कारण पन्हाळ्याचं सामर्थ्य ज्या दोन गोष्टींवर उभं होतं, त्या पाणी आणि धान्याची पक्की व्यवस्था याच काळात दगडात बांधली गेली.

अंधारबाव नीट बघितली की हे ध्यानात येतं. बाहेरून ती एखादी दगडी इमारत वाटते. आत शिरलं की ती तीन मजली विहीर आहे. सगळ्यात खाली पाण्याचा झरा. मधल्या मजल्यावर तटाबाहेर जायची वाट. वरच्या मजल्यावर पहाऱ्याच्या लोकांना राहता येईल अशी जागा. वेढ्यात सापडलेल्या गडाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे फितुराने पाण्यात विष कालवणं. म्हणून विहीरच इमारतीत कोंडली, दारावर माणूस बसवला, आणि वेळ आली तर त्याच इमारतीतून बाहेर पडायची सोयही ठेवली. पाणी, पहारा आणि पळवाट या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणणाऱ्या त्या अज्ञात स्थपतीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

अंबरखाना तर त्याहून भव्य. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारं. त्यातली गंगा कोठी सगळ्यात मोठी, जवळपास ३५ फूट उंच, आणि तिची कोठवण २५,००० खंडी होती असं सांगतात. आत १६ खण, प्रत्येकावर स्वतंत्र घुमटी छत आणि छताला भोकं. दोन्ही अंगांनी जिने वर चढतात. धान्याची पोती पाठीवर घेऊन हमाल या जिन्यांनी छतावर जात आणि भोकांतून धान्य खाली ओतत. भिंती इतक्या जाड की बाहेर कोल्हापुरी पावसाळा कोसळत असला तरी आतलं भात, नाचणी, वरी सर्दावू नये. उत्तर आफ्रिकेत, मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरांत, बर्बर लोकांनीही आपल्या गावांचं धान्य असंच एका तटबंद इमारतीत साठवलं. तिथे प्रत्येक घराची स्वतंत्र कोठडी असे आणि राखणदार सगळ्या गावाचा असे. डोंगरावर वस्ती करणाऱ्यांना जगात कुठेही आधी धान्याची तरतूद करावी लागते. मात्र बर्बरांचं कोठार गावाने गावासाठी बांधलेलं होतं. पन्हाळ्याचं राज्याने फौजेसाठी बांधलं आणि त्यातलं धान्य खालच्या खोऱ्यांतल्या रयतेच्या साऱ्यातून आलं. गंगा कोठीसमोर उभं राहिल्यावर वारणा-कासारीच्या काठच्या त्या कुणब्याची आठवण ठेवायला हवी.

याच काळात पश्चिमेचा तीन दरवाजा उभा राहिला. दोन दरवाजे, मध्ये चौक, आणि वर आदिलशाही अमलाचा फारसी शिलालेख. कडेला उभी असलेली देखणी सज्जा कोठी हीदेखील आदिलशाही घडणीची. तिच्या सज्ज्यातून खालचं सगळं खोरं दिसतं.

हा सगळा जामानिमा शिवाजी महाराजांच्या हाती आला तो २८ नोव्हेंबर १६५९ रोजी. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला आणि पुढच्या अठरा दिवसांत मराठी फौजा थेट पन्हाळ्यावर पोचल्या. हा वेग विजापूरला हादरवणारा होता. कर्नूलचा सरदार सिद्दी जौहर याला मोठी फौज देऊन पाठवण्यात आलं, बरोबर अफजलखानाचा मुलगा फाजलखान. मिरजेच्या वेढ्यावरून महाराज पन्हाळ्यावर आले आणि मार्च १६६० पासून गडाला वेढा पडला.

जौहर जिद्दीचा माणूस होता. पाऊस सुरू झाला की वेढा ढिला पडेल, हा अंदाज त्याने खोटा ठरवला. चिखलात छावण्या शाकारून तो बसून राहिला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन लांब पल्ल्याची तोफ घेऊन त्याच्या मदतीला आला आणि आपलं निशाण फडकावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याने आपला तराजू सोडून परक्या भांडणात तोफ डागली, आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी चुकवली. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. नेताजी पालकरने बाहेरून वेढा फोडायचा यत्न केला, तो साधला नाही.

आपण या वेढ्याची गोष्ट सांगताना सुटकेवर भर देतो. पण चार महिने गड तगला कशावर, तर पन्हाळ्याची कोठारं आणि विहिरी यांच्यावर. महाराजांना बाहेर पडायची घाई होती त्याचं मोठं कारण गडाबाहेर होतं. मे महिन्यात मुघलांचा शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता आणि जूनमध्ये त्याने चाकणला वेढा घातला होता. राज्य दोन बाजूंनी पेटलेलं असताना राजाने एका गडात अडकून राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, सुमारे सहाशे निवडक माणसांनिशी महाराज गडाखाली उतरले. परंपरा राजदिंडीची वाट सांगते. नेबापूरच्या शिवा काशीदाने महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला गुंतवलं आणि प्राण दिला. मसाई पठारावरून चिखल तुडवत निघालेली पालखी विशाळगडाकडे धावली आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह उभे राहिले. महाराज विशाळगडावर पोचले. घोडखिंडीची पावनखिंड झाली. हे सगळं मराठी घराघरांत ठाऊक आहे.

कमी ठाऊक आहे ते त्यापुढचं. त्याच वर्षी सप्टेंबरात पन्हाळा पुन्हा आदिलशहाकडे गेला आणि पुढची बारा-तेरा वर्षं तो महाराजांना हुलकावण्या देत राहिला. पुरंदरच्या तहानंतर, जानेवारी १६६६ मध्ये, मुघल सेनापती जयसिंगाच्या मोहिमेचा भाग म्हणून महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला. गडकरी सावध होते. सुमारे हजार माणसं पडली आणि हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोचला नाही यावरून झालेल्या बोलाचालीतून तो विजापूरकडे निघून गेला. एक गड न मिळाल्याने प्रतिशिवाजी म्हणवला जाणारा सेनापती हातचा गेला.

शेवटी ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंदाने अवघी साठ माणसं घेऊन कडा चढून पन्हाळा मारला. हजारांनी जे साधलं नाही ते साठांनी साधलं. जयराम पिंड्ये या कवीने या विजयावर संस्कृतात ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ नावाचं काव्य रचलं. पर्णाल म्हणजे पन्हाळा. पण गड घेतल्याचे पडसाद थांबले नाहीत. तो परत मिळवायला विजापूरहून बहलोलखान निघाला. सरनोबत प्रतापराव गुजरांनी त्याला उमराणीपाशी कोंडलं आणि शरण आल्यावर सोडून दिलं. महाराजांना ते रुचलं नाही. त्यांच्या बोलाने जखमी झालेले प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सहा साथीदारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. नेसरीची कहाणी आपण एकटी सांगतो, तिचं मूळ पन्हाळ्याच्या कड्यावर आहे हे सांगायचं राहून जातं.

महाराजांच्या आयुष्याचा शेवटचा अध्यायही इथेच उघडतो. मुघल सरदार दिलेरखानाकडे गेलेले संभाजीराजे परतले ते डिसेंबर १६७९ मध्ये पन्हाळ्यावर. जानेवारीत महाराज त्यांना भेटायला गडावर आले. बापलेकांत काय बोलणं झालं त्याचे तपशील रंगवायचा मोह अनेकांनी केला आहे. आपल्याला एवढं पुरे की ही त्यांची अखेरची भेट ठरली. ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराज गेले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावरच होते. त्यांना कैद करायला अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे निघाले. पण सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी या दोघांनाच धरून पन्हाळ्यावर आणलं. दुसऱ्या छत्रपतींच्या कारकिर्दीचे पहिले हुकूम या डोंगरावरून सुटले. जून महिन्यात संभाजीराजे रायगडी गेले.

१६८९ मध्ये संभाजीराजांचा शेवट झाला, रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीकडे निघाले. त्यांनी देश सोडला तो सप्टेंबरात पन्हाळ्यावरून, वेशांतर करून. मागे राहिलेल्या मुलखाची जबाबदारी ‘हुकूमतपन्हा’ म्हणून रामचंद्रपंत अमात्यांवर आली. गड मुघलांकडे गेला, मराठ्यांनी तो परत घेतला. मग १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब पन्हाळ्याखाली येऊन बसला.

त्या छावणीतला एक प्रसंग फार बोलका आहे. नव्या इंग्रज कंपनीसाठी व्यापारी सवलती मिळवायला इंग्लंडच्या राजाने सर विल्यम नॉरिस नावाचा वकील पाठवला होता. तो सुरतेहून बादशहाला शोधत शोधत पन्हाळ्याखाली आला आणि एप्रिल १७०१ मध्ये मोठ्या थाटाने दरबारात गेला. नजराण्यासाठी गाड्यांवर १२ पितळी तोफा, उंची कापड, आरसे आणि काचसामान, अरबी घोडे. दिल्ली-आग्र्याचा धनी असलेला म्हातारा बादशहा मात्र एका मराठी गडासमोर तंबू ठोकून बसलेला होता. नॉरिसला हवं ते मिळालं नाही. तो मायदेशी परतताना जहाजावरच वारला. बादशहाला गड मिळाला, तोही २८ मे रोजी किल्लेदाराला पैसे मोजून. आणि काही महिन्यांतच रामचंद्रपंतांनी तो पुन्हा मराठ्यांकडे आणला. पंचवीस वर्षं दख्खनेत झुंजणाऱ्या औरंगजेबाच्या सगळ्या धडपडीचा हिशेब या एका गडावर मांडता येतो.

राजाराम महाराज १७०० साली वारल्यावर ताराराणींनी राज्याची सूत्रं हाती घेतली होती. पंचविशीतल्या या विधवेने मोहिमा आखल्या, सरदार सांभाळले, मुघलांना माळव्यापर्यंत धाकात ठेवलं. १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटून आले. खेडच्या लढाईत ताराराणींची बाजू पडली, सातारा गेला. तेव्हा त्या पन्हाळ्याच्या आश्रयाला आल्या आणि १७१० मध्ये इथे आपला मुलगा दुसरा शिवाजी याच्या नावाने स्वतंत्र गादी उभी केली. करवीर राज्याचा जन्म हा असा डोंगरावर झाला. १७१४ मध्ये डाव उलटला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर बसले आणि ताराराणी ज्या गडावर राज्य करत होत्या त्याच गडावर कैदेत पडल्या. ताराराणींचा वाडा आजही उभा आहे. पुढच्या काळात त्यात शाळा भरली, नगरपालिकेचं कामकाज चाललं.

या धामधुमीतच मराठी गद्यातला एक थोर ग्रंथ तयार झाला. करवीरच्या संभाजी महाराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. राजनीतीवरच्या या ग्रंथातलं दुर्गांचं प्रकरण पन्हाळ्यावर बसून वाचावं. पाण्याची खात्री झाल्याखेरीज गड बांधू नये, एका झऱ्यावर विसंबू नये, टाकी खोदावीत. एकच दरवाजा असू नये, चोरदिंड्या ठेवाव्यात. गडावरची झाडं राखावीत, कामाला येणारं एकही उगाच तोडू नये. हे सगळं लिहिणाऱ्या पंतांनी गड घेणं, गमावणं आणि पुन्हा मिळवणं हे सारं याच डोंगरावर अनुभवलं होतं. त्यांची समाधीही पन्हाळ्यावरच आहे. गर्दी तिच्याकडे फिरकत नाही.

१३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरली आणि पन्हाळ्याला थोडी उसंत मिळाली. गाव म्हणून पन्हाळ्याची भरभराट याच काळातली. राजधानी म्हटली की नुसती शिबंदी पुरत नाही. कारकून, सावकार, भटभिक्षुक, कारागीर, मुलांना शिकवणारे गुरू सगळेच लागतात. कवी मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले. केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे ते इथेच संस्कृत शिकले आणि चोविशीच्या सुमाराला बारामतीला गेले. मराठीतल्या सर्वांत शब्दसंपन्न कवींपैकी एकाचा पाया ज्या पाठशाळेत घातला गेला ती एका लष्करी गडावर होती. गडाच्या आयुष्यात तलवारीइतकीच पोथीलाही जागा होती, याला यापेक्षा चांगला दाखला कुठला?

संभाजी महाराज १७६० मध्ये वारले. त्यांच्या राणी जिजाबाई यांनी पेशव्यांच्या दबावाला न जुमानता दत्तक घेतला आणि १७७३ पर्यंत राज्य राखलं. त्यांचं स्थान पन्हाळ्याच्या मनात अजून आहे. ताराराणी आणि जिजाबाई या दोन बाईमाणसांनी जी गादी तगवली तिचा आधार हा गड होता. १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात नेली गेली. अंबाबाईचं क्षेत्र, पंचगंगेचं पाणी, बाजारपेठ आणि मोकळी जमीन खाली होती. राज्य चालवायला डोंगरापेक्षा पेठ सोयीची झाली होती.

राजधानी गेली तरी गडकरी राहिले. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाची राखण करणारी घराणी. त्यांना त्याबद्दल गडाखालच्या जमिनी आणि हक्क मिळालेले. शिवकाळापासूनची ही व्यवस्था, आणि गडावरच्या माणसाची निष्ठा तिच्यात रुजलेली. १८२७ मध्ये इंग्रजांनी पन्हाळा आणि शेजारचा पावनगड काही काळ आपल्या ताब्यात घेतला तेव्हाच पुढची दिशा दिसली होती. १८३८ नंतर गादीवर अल्पवयीन छत्रपती होते. इंग्रजांनी कारभारावर दाजी कृष्ण पंडित यांना बसवलं. त्यांनी गडकऱ्यांचे वतनी हक्क मोडून जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या. कागदावर ही सुधारणा होती. गडकऱ्याच्या दारात मात्र ती आजोबा-पणजोबांचा घास काढून घेणारी होती.

१८४४ मध्ये आधी सामानगडाने दरवाजे लावून घेतले. मग भुदरगड उठला. कोल्हापुरात शिबंदी बिथरली आणि दाजी पंडितच कैदेत पडले. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर आणून कोंडलं गेलं. साऱ्या हिंदुस्थानात कंपनीची जरब बसलेली असताना तिचा कर्नल एका मराठी गडावर कैदी होता. १८५७ च्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत ती ओळभरही नीट येत नाही.

जनरल डेलामोटच्या फौजेने ऑक्टोबरात सामानगड घेतला. मग तोफा पन्हाळ्याखाली आल्या. १ डिसेंबर १८४४ रोजी तट फुटला आणि गड पडला. जुन्या काळच्या तोफांसाठी बांधलेला तट नव्या तोफांपुढे टिकणारा नव्हता. त्यानंतर इंग्रजांनी जे केलं ते लढाईपेक्षा जास्त खोल गेलं. गडकऱ्यांची व्यवस्था मोडली. तटबंदी ठिकठिकाणी पाडली. पूर्वेचा मोक्याचा चार दरवाजा जमीनदोस्त केला. आज कोल्हापूरहून गाडी ज्या बाजूने सहज गडात शिरते तिथे काय होतं याची कल्पना येण्यासाठी पश्चिमेचा तीन दरवाजा बघावा. तेवढा तरी वाचला.

मुंबई इलाख्यातल्या कितीतरी गडांचे दरवाजे आणि बुरूज इंग्रजांनी असेच निकामी केले. बहुतेक ठिकाणी त्यानंतर माणसं उतरून गेली. पन्हाळ्यावरची उतरली नाहीत. तळी होती, विहिरी होत्या, हवा चांगली होती. संस्थानाच्या कारभारात ते पेट्याचं ठाणं राहिलं आणि पुढे थंड हवेचं ठिकाण झालं. सोमेश्वराच्या तळ्याकाठी, सादोबा पिराच्या दर्ग्यापाशी, अंबाबाईच्या आणि संभाजीच्या देवळात दिवा लागत राहिला. गड म्हणून पन्हाळा १८४४ ला संपला, गाव म्हणून तो एक दिवसही संपला नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा नमुना म्हणून बारा गडकोटांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात पन्हाळा आहे. त्या आधीच्या महिन्यांत गडावरचे रहिवासी काळजीत होते: आपल्या घरांवर, दुकानांवर निर्बंध येतील का, आपल्यालाच खाली उतरवतील का? ती काळजी खोटी नव्हती आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणं चूक ठरेल. पन्हाळ्याचं वेगळेपण त्याच्या सलग वस्तीत आहे. वस्ती हटवून तट राखला तर जगाला एक अवशेष मिळेल आणि एक गाव जाईल. उलट बांधकामाला काही धरबंद राहिला नाही, तळ्यांत सांडपाणी जात राहिलं, तर गावच आपला गड पोखरेल. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि डोंगराला किती भार सोसतो याची लख्ख जाणीव झाली. पाणी, झाडं आणि बांधकाम यांची शिस्त तीनशे वर्षांपूर्वी अमात्यांनी लिहून ठेवली आहे. नगरपरिषदेने आणि पुरातत्त्व खात्याने ती रहिवाशांना बरोबर घेऊन अमलात आणावी, एवढीच मागणी आहे.

दर जुलैमध्ये हजारो तरुण पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायी निघतात. चिखल तुडवत, घोषणा देत ती मुलं मसाई पठार ओलांडतात तेव्हा ऊर भरून येतो. त्या सगळ्यांना आणि पावसाळी सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. निघण्याआधी तासभर गडावर काढा. गंगा कोठीच्या जिन्याने वर चढा, अंधारबावीच्या मधल्या मजल्यापर्यंत उतरा, आणि रामचंद्रपंतांच्या समाधीचा पत्ता गावातल्या कुणालाही विचारा. तो सांगेल.